आईच्या अंघोळीचं पाणी

माझी आई मुकुंदवाडीतल्या एका वॉर्डाची दोन वेळा नगरसेविका होती, आणि वॉर्डात सगळ्यात शेवटी पाणी यायचं ते तिच्याच घरी. हे तिनं स्वतः ठरवलेलं. आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, तेही एकदम सगळीकडं नाही. लाईनमन व्हॉल्व्ह फिरवत एकेका गल्लीला पाणी सोडत जातो. निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात आईनं त्याला सांगितलं, "आमची गल्ली शेवटी. नगरसेविकेनं आधी स्वतःचे ड्रम भरले असं कुणी म्हणायला नको." शेवटी म्हणजे करंगळीएवढी धार. शेजारीण आईला तोंडावर बोलायची, मी मनातल्या मनात.

पाण्याच्या दिवशी आई सकाळीच व्हॉल्व्हपाशी जाऊन उभी राहायची. कुणाचं रेशन कार्ड अडलंय, कुणाच्या सुनेला दवाखान्यात दाद लागत नाही, सगळी कामं तिथंच, पदर खोचून. माझा दहावीचा निकाल लागला त्या दिवशीही ती तिथंच होती. पेढा मला शेजारणीनं भरवला. याचा राग मला अजून आहे. आई गेली म्हणून तोही गेला, असं खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या निवडणुकीत ती पडली. ज्या दोन गल्ल्यांना आधी आणि भरपूर पाणी मिळायचं, त्यांनीच तिला मतं दिली नव्हती. मतमोजणीत ते उघड झालं. मी संतापानं रडले. आईनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "परवा पाणी आहे. मला लवकर उठव." आणि खरंच गेली, पद नसताना. नंतर कित्येक वर्षं जात राहिली.

मग ती आजारी पडली. मी सिल्लोडहून रजा काढून तिच्याजवळ येऊन राहिले. तीन महिने ती अंथरुणावर होती, पण त्या दोन गल्ल्यांतली एकही बाई फिरकली नाही. कुणाची चाहूल लागली की आई दाराकडं बघायची. मी तो एकेक दिवस लक्षात ठेवला.

ती गेली ते सकाळी. आमच्या पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी होती. ड्रमच्या तळाशी गढूळ पाणी तेवढं उरलेलं. नेण्याआधी अंघोळ तर घालायला हवी. भाऊ आणि मी एकमेकांकडं बघत असतानाच दारात सात-आठ बायका येऊन उभ्या राहिल्या. त्या दोन गल्ल्यांपैकीच पहिल्या गल्लीतल्या. प्रत्येकीच्या कमरेवर कळशी. पुढं भाजीची गाडी लावणारी म्हातारी होती. ती म्हणाली, "तापवून आणलंय पोरी. तिला गार पाणी सोसत नव्हतं."

माझं डोकं फिरलं. "ती जिवंत होती तेव्हा आला नाहीत," मी म्हणाले, "आता तुमचं पाणी नको." आणि दार लावून घेतलं.

भावानं कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचे दोन जार आणले. जन्मभर नळाच्या पाण्यासाठी महापालिकेत भांडलेल्या बाईला आम्ही विकतच्या थंडगार पाण्यानं अंघोळ घातली. तापवायचं कुणाला सुचलंच नाही. माझी बोटं बधिर झाली होती.

शोकसभेत पुढारी भरभरून बोलले. दहाव्याला ती म्हातारी एकटीच आली, दाराबाहेरच बसली. म्हणाली, "मत नाय दिलं आम्ही, व्हय. त्याचीच लई लाज वाटायची, म्हणून दुखण्यात आलो नाय. कोणत्या तोंडानं यायचं? वाटलं, शेवटची अंघोळ तरी आपल्या हातानं घालावी. तू दार लावलंस." आवाजात राग नव्हता. माफी मागायला हवी होती, मी नुसता चहा विचारला. ती नको म्हणाली आणि उठून गेली.

लोक आईविषयी विचारतात तेव्हा मी सांगते, तिनं कधी कुणाला दारातून परत पाठवलं नाही. हे खरंच आहे. तिच्या दारातून माणसं रिकाम्या हातानं नाही, भरल्या कळश्यांनिशी परत गेली ती एकदाच, ती आत निजलेली असताना, आणि पाठवणारी मी होते.