ट्रायलची द्राक्षं

विंचूरच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या गावच्या शेतकरी गटाचा द्राक्षरसाचा कारखाना आहे. आहे म्हणजे शेड आहे, पाटी आहे आणि दाराला कुलूप आहे. तो मी बंद पाडला. लोक तसं म्हणत नाहीत, हेच माझं दुखणं आहे.

कल्पना माझ्या धाकट्या काकांची. एक्स्पोर्टच्या पॅकहाउसमध्ये रोज ढीगभर द्राक्षं बाजूला पडतात. बारीक, तडकलेली, कुजकी, मातीत लोळलेली. त्यांचा रस काढून विकायचा. काकांच्या शब्दाला गावात वजन होतं, सोयरीक जुळवायची तरी लोक आधी त्यांना विचारत. त्या शब्दावर अकरा घरं गटात आली. मी बारा वर्षं सातपूरच्या एका कंपनीत मशिनरी खरेदी करत आलो होतो, त्यामुळे मशीन निवडायचं काम माझ्याकडे आलं. "तू बोट ठेवशील ते घेऊ," काका म्हणाले होते.

रसातला गाळ काढायला सेंट्रिफ्यूज लागतं. रस गरगर फिरवला की जड गाळ कडेला जातो आणि नितळ रस वेगळा निघतो. आमच्यापुढे दोन मशीन होती. एक आडवं, राकट डिकँटर. कितीही गाळ येऊ द्या, ते बाहेर ढकलत राहतं, पण रस जरा गढूळ देतं. दुसरं उभं, आत पातळ तबकड्यांची चवड असलेलं. ते रस काचेसारखा देतं, पण गाळ वाढला की चोंदतं. यातलं कुठलं घ्यायचं हे माल ठरवतो. म्हणून आधी ट्रायल घ्यायची, आणि रोज जो माल येणार तोच ट्रायलला न्यायचा. हे मी कंपनीत नव्या इंजिनिअरांना दटावून शिकवत असे.

ट्रायल पुण्याजवळ मशीनवाल्यांच्या कारखान्यात ठरली. आदल्या दिवशी मळ्यात गेलो तर काकू आणि चुलत बहिणी कात्र्या घेऊन बसलेल्या. एकेक घड उचलायचा, डागी मणी छाटायचा आणि घड कागद अंथरलेल्या कॅरेटमध्ये अलगद ठेवायचा. बागेतला पहिल्या नंबरचा माल होता तो.

"काका, आपल्याला तर टाकाऊ माल चालवायचाय," मी म्हटलं.

"पहिल्यांदाच चाललो लोकांच्या दारी," काका म्हणाले. "तिथं काय सडका माल घेऊन उभं ऱ्हायचं? म्हणतील, यांच्याकडं हेच पिकतं. नाय, असं नाय चालायचं."

मी पुन्हा बोलायला हवं होतं. पण खरं सांगतो, ती कॅरेटं बघून मलाही बरं वाटलं. आपल्या माणसांनी तिथं ताठ मानेनं जावं असं मलाही वाटत होतं. बारा वर्षांचा अनुभव, आणि ऐन वेळी अक्कल चरायला गेली.

उभ्या मशीनचा रस काकांनी ग्लासात घेऊन उजेडाकडे धरला आणि ते लहान मुलासारखे हसले. तिथल्या इंजिनिअरनं विचारलं, "माल असाच येणार ना?" काका म्हणाले, "असाच." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि उभ्या मशीनच्या पसंतीच्या फॉर्मवर सही केली.

मार्चमध्ये पॅकहाउसची पहिली ट्रॉली आली. तिच्यात देठ, माती आणि बुरशी, आणि वरून आंबूस वास. मशीन पाऊण तास चाललं, मग थरथरायला लागलं. उघडलं तर तबकड्यांत चिखलासारखा लगदा गच्च बसलेला. धुऊन पुन्हा जोडायला तीन तास गेले, आणि पुढचा पाऊण तास झाल्यावर तेच. बाहेर उन्हात ट्रॉल्यांची रांग फसफसत होती. मी मशीनवाल्यांना फोन केला. तो इंजिनिअर सभ्य माणूस होता. म्हणाला, "सर, ट्रायलला आणला होता तसा माल द्या, काही त्रास होणार नाही." तसा माल कारखान्यात घालायला आम्ही काय वेडे होतो? तो परदेशी जातो.

हंगाम संपेपर्यंत आम्ही रेटून पाहिलं. रस आंबायचा, गिऱ्हाईक परत पाठवायचं. दुसरं मशीन घ्यायचा दम कोणातच उरला नाही. शेवटी मारुतीच्या देवळात गट बसला आणि एकानं सरळ विचारलं, "हे मशीन पसंत कुणी केलं?"

माझ्याआधी काका उठले. "मी केलं," ते म्हणाले. "हा दुसरंच घ्या म्हणत व्हता. मीच ऐकलं नाय."

दुसरं घ्या असं मी कधीच म्हटलं नव्हतं. उठावं, सही माझी आहे म्हणून सांगावं, असं मनात आलं. मी सतरंजीकडे बघत बसून राहिलो. बाहेर आल्यावर काका एवढंच बोलले, "तुझी नोकरी हाय. तुझं नाव खराब नको व्हायला." त्यांच्या नावाचं काय, हे मी विचारलं नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्या लाजेनंही माझं तोंड उघडलं नाही.

आता गावात कुणाला काही मशीन घ्यायचं असलं की मला फोन येतो. "तेव्हा तुमचं ऐकायला पाहिजे होतं," असंही म्हणतात. परवा गावी गेलो तर एक जण फवारणीचा ब्लोअर कुठला घ्यावा म्हणून विचारायला आला. काका शेजारीच बसले होते. त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. त्या माणसानं त्यांना अर्ध्यात तोडलं आणि तो माझ्याकडे वळला.

"तुम्ही सांगा, भाऊ."

मी सांगितलं.