अंधारात मुक्ताची खुर्ची रिकामी

मंडळी, दुपारपासून छातीतली धडधड थांबेना, म्हणून इथं लिहितोय.

आज माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, मुक्ताला घेऊन कोल्हापुरात कार्टूनचा पिक्चर बघायला गेलतो. तिची आई कागलच्या एमआयडीसीत कामावर होती. हत्तीच्या पिल्लाच्या खोड्या बघून आम्ही दोघं पोट धरून हसत होतो. मग पुरात पिल्लाची आई वाहून गेली आणि माझेच डोळे भरून आले. चष्मा पुसून शेजारी बघितलं, तर मुक्ता नाही.

खुर्च्यांखाली चाचपलं, हाका मारल्या. धावत बाहेर आलो, तर समोर भरधाव गाड्यांचा रस्ता.

"पावणं, पोरगी शोधताय व्हय?" डोअरकीपर म्हणाला. "हितं हाय की."

मुक्ता तिकीट खिडकीच्या आत स्टुलावर उभी होती, फोन कानाला लावून. आईचा नंबर तिला पाठ आहे.

"आई, तू हाईस न्हवं?" एवढंच ती परत परत विचारत होती.

मी तिला उचलून घट्ट धरलं. "मला का न्हाय विचारलंस?"

"तुम्ही रडत हुता," ती म्हणाली. "मला वाटलं, खरंच झालंय."

अजून भीती जात नाही. तुम्ही लेकरांशेजारी बसून रडता का?