लेडीज डब्यात चढलेले वडील

वालूरहून परभणीच्या कॉलेजात जायचा विषय काढला, तेव्हा वडिलांनी एकच अट घातली. "सेलूपासून पॅसेंजरनं जायचं, अन् बायकायच्याच डब्यात बसायचं. त्यात एक जरी गडी दिसला, तर दुसऱ्या दिवसापासून घरी." वडील उंबऱ्यात आले की आमच्या घरातल्या बायका बोलायच्या थांबत. तेव्हा ही नुसती धमकी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बायकांसाठी वेगळा डबा ठेवायची रीत जुनी. निजामाच्या काळात पडदा पाळणाऱ्या बायका त्यात बसायच्या म्हणे. वडिलांच्या डोक्यात अजून तोच डबा होता. मला मिळालेला डबा वेगळाच निघाला. त्यात मास्तरीणबाई, दवाखान्यातल्या नर्स, भाजी विकायला निघालेल्या बायका, सगळ्या रोज अपडाऊन करणाऱ्या. पाय पसरून बसायच्या, खदाखदा हसायच्या. बायकांना इतक्या मोठ्यानं हसता येतं, याचंच मला पहिले काही दिवस नवल वाटलं.

महिनाभरानं वडील न सांगता सेलूच्या स्टेशनावर आले. डब्यात कोण कोण बसतं ते बघायला थेट आत चढले आणि दाराजवळच्या बाकावर ऐसपैस बसले. मी खिडकीशी गारठले.

मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन बसलेली एक बाई उठली. "मालक, खाली उतरा. हा बायकायचा डबा हाय."

"माझी पोरगी हाय आत."

"इथं सगळ्या कोनाच्या ना कोनाच्या पोरीच हायत. उतरा."

माझ्या वडिलांना कुणी असं सांगताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. डबाभर बायका त्यांच्याकडे बघत होत्या. वडील मुकाट्यानं उतरले आणि शेजारच्या डब्यात गेले. ती बाई खाली बसून जुड्यांवर पाणी शिंपडायला लागली, जणू काहीच झालं नव्हतं. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. एवढी ताकद मी तोवर कुठल्याच बाईत पाहिली नव्हती. आणि आता माझं कॉलेज संपलं, हेही मी मनाशी धरून चालले होते.

परभणीला वडील फलाटावर उभेच होते. मी मान खाली घालून समोर गेले.

"आता परत मी बघायला येनार न्हाई," ते म्हणाले. "तिथं माझंच काई चाललं न्हाई, दुसऱ्या गड्याची काय बिशाद! जाय, कॉलेजला उशीर होईल."