उपाशी डिश

सव्वीस वर्षांत आक्कांच्या हातून एकही डिश उपाशी मेली नव्हती. त्या स्वतः हे कधी सांगत नसत, पण प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या माणसाला ते दुसऱ्याच दिवशी कळलेलं असे.

कर्करोगाच्या पेशी वाढवणं हे त्यांचं काम. सकाळी आठला कोट चढवायचा, हातमोजे घालायचे, उबदार कपाटाचं दार उघडायचं आणि तळहाताएवढ्या डिश एकेक करून मायक्रोस्कोपखाली धरायच्या. गुलाबी खाद्य पिवळं पडलं असेल तर बदलायचं.

नवरा शिंपी. टाचणी ओठांत धरून तो एकदा म्हणाला होता, "माणसं मारणाऱ्या पेशी, आणि तू त्यांना भरवतेस!"

"जगवल्याशिवाय त्यांचं मरण कुठं दडलंय ते कसं कळणार?" आक्का म्हणाल्या होत्या.

पाच बहिणींत त्या तिसऱ्या. घरात भूक होती आणि तिच्याबद्दल बोलायचं नाही, असा नियमही होता. आई विटका स्वेटर उसवायची आणि त्याच लोकरीचा धाकटीला विणायची. उपाशी काही दिसलं की आक्कांचा हात आपोआप पुढं जाई, तो तेव्हापासून.

प्रयोगशाळेत एक संशोधक मुलगी होती, उंचीमुळे सगळे तिला लांबी म्हणत. चार वर्षं ती एकाच प्रश्नामागे लागलेली. मग ओळीनं तीन आठवडे तिला हवं ते उत्तर मिळालं. आक्का तेव्हा बहिणीच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या. त्या परतल्या, आणि पुढचे चार प्रयोग कोरडे गेले. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले, "सोमवारी शेवटचं बघतो. नाहीतर तीनदा आलं तो योगायोग, आणि हा विषय बंद."

बुधवारी लांबी गार चहासमोर बसलेली आक्कांना दिसली.

"काय गं, चहावर साय धरली."

"साय नाही आक्का, आता बुरशीच धरेल."

"तू नेमकं शोधतेस तरी काय? चार वर्षं तुझ्या पेशी सांभाळतेय, पण मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"मी विचारलं नाही, पण तुला तोंड होतं ना?"

लांबी बऱ्याच दिवसांनी हसली. मग सांगू लागली. पेशीला खायला मिळालं नाही, की ती आपल्याच आतले जुने, मोडके भाग पिशव्यांत भरते आणि पचवते. त्यावर तगते. औषधाच्या माऱ्यातून कर्करोगाची पेशी वाचते तीही याच युक्तीनं.

"आईचा स्वेटर," आक्का पुटपुटल्या.

"काय?"

"काही नाही. पुढं सांग."

"एक इवलासा आरएनए आहे. त्याचे काही भाऊबंद प्रथिनं बनवण्याचे निरोप नेतात. हा स्वतः काहीच बनवत नाही. असल्यांना लोक कितीतरी वर्षं कचरा समजत होते. पण पिशव्या बनवण्याचा निरोप हा वाटेतच धरून ठेवतो. पिशव्या थांबल्या की पेशी औषधापुढं टिकत नाही."

"बिनकामाचा म्हणायचं आणि घर त्याच्या जिवावर चालायचं. असतात अशी माणसं."

"पण हे दिसायला पेशी उपाशी हव्यात. पोट भरलेली पेशी स्वतःला कशाला खाईल? मग आरएनए घाला नाहीतर घालू नका, फरक नाहीच. म्हणून मी सकाळी सहाला खाद्य काढून नुसतं क्षारांचं पाणी घालते आणि शिकवायला जाते. दुपारी येऊन मोजते."

आक्कांचा कप ओठांपाशीच थांबला. त्या पाण्याचा रंगही गुलाबीच असे. आणि आठ वाजता, त्या चारही सकाळी, आक्रसलेल्या पेशी बघून आक्कांनी प्रत्येक डिशमध्ये थोडं खाद्य सोडलं होतं. पोरगी घाईत विसरली असेल, सर उगाच ओरडतील, म्हणून. गुपचूप.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" तो म्हणाला. "या खेपेला हात लावू नकोस, झालं."

"तीनदा आलं, चारदा नाही, परत एकदा आलं. सर याला योगायोगच म्हणतील. ते चार का चुकले हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

त्यानं ओठांतली टाचणी काढली. "मग उसवायचंच तर पहिल्या टाक्यापासून उसव."

गुरुवारी सरांच्या खोलीत आक्का उभ्यानंच बोलल्या. लांबीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "चार वेळा, आक्का? मी रात्ररात्र रडले!"

"माहीत आहे. तुझे डोळे बघून आणखी दोन थेंब जास्त घालायचे."

लांबीला रडू आवरेना आणि हसूही.

सर म्हणाले, "सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात."

"पहिल्यांदा नाही, चार वेळा. आता पाचव्यांदा मुद्दाम चुकू द्या. अर्ध्या डिशना मी भरवते, अर्ध्या उपाशी ठेवते. खोट माझ्या हाताची असेल तर भरवलेल्यांत फरक दिसणार नाही, उपाशी असलेल्यांत दिसेल. डिशवरच्या नावांवर तुम्ही आकडे चिकटवा, म्हणजे कुठली कोणती ते मला कळायचं नाही. मोजीन मी."

सरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "हे मला सुचायला हवं होतं."

शुक्रवारी सकाळी आठ ते बारा आक्का कपाटासमोर हात मांडीवर ठेवून बसल्या. आत अर्ध्या डिश भुकेल्या होत्या. सव्वीस वर्षांत इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. दुपारी त्यांनी हिरवे ठिपके मोजले. एकेक ठिपका म्हणजे एक पिशवी. नंतर औषध घातलं. शनिवारी पुन्हा तसंच, रविवारीही.

सोमवारी सरांनी नावांवरचे आकड्यांचे कागद सोलले. भरवलेल्या डिशमध्ये आरएनए असो वा नसो, ठिपके तुरळकच. नुसत्या उपाशी पेशींत आभाळ चांदण्यांनी भरावं तसे ठिपके, आणि औषध पचवून त्या जिवंत. ज्या उपाशी पेशींत तो इवलासा आरएनए घातला होता, तिथं मात्र आभाळ रिकामं, आणि औषधापुढं जवळपास सगळ्या पेशी गारद. तिन्ही दिवस तेच.

सर म्हणाले, "विषय चालू. आणि ते चार प्रयोगही लिहायचे. आता ते पुरावा आहेत."

लांबीनं आक्कांना उचललंच. "सोड गं, कोट चुरगळतोय!" आक्का ओरडल्या, पण खाली उतरायची त्यांना घाई नव्हती.

संध्याकाळी नवरा दारातच उभा होता. "काय झालं?"

"मेल्या," आक्का म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मेल्या!" आणि त्या उंबऱ्यातच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिल्या.