वहीतला खाकी माणूस

मी कंडक्टर. चोवीस वर्षं झाली. गाडीत चढलेल्या माणसाने तिकीट काढलंय की नाही, हे मला त्याच्या मानेवरून कळतं. न काढलेला माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच बघतो, नाहीतर मी जवळ आलो की मोबाइल कानाला लावतो. ही फुशारकी नाही. रोज आठ-आठ तास माणसांकडे असं बघितलं की घरी आल्यावरही डोळे तसेच राहतात. त्यातून पुढे जे झालं ते सांगायचं आहे.

आमचं घर कसालजवळ, हमरस्त्यापासून बरंच आत. थोडं भात, काजूची काही झाडं, बायको, मी आणि एकुलती एक मुलगी. मुलगी कुडाळला कॉलेजात जायची. दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी गाडीत तिला श्वास घेता येईना. हातपाय गार पडले, आता मी मरणार असं वाटलं, असं तिने नंतर सांगितलं. त्या गाडीवर माझाच एक सोबती ड्युटीला होता. आम्ही दोघे एकाच महिन्यात नोकरीला लागलेलो. त्याने गाडी थांबवली, तिला सावलीत बसवलं, ओळखीच्या एका बाईला तिच्याजवळ ठेवलं आणि मला फोन केला. मी जाऊन तिला घेऊन आलो.

नंतर तसंच आणखी दोनदा झालं. मग ती गाडीत चढेना. मग कॉलेजला जाईना, पुढे तर मागच्या दारी विहिरीपर्यंतसुद्धा जाईना. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. शेवटी मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, धामापूरला दर शनिवारी अशा मुलामुलींचा एक गट जमतो, चित्रांतून उपचार करतात, तिथे पाठवा.

चित्रांतून उपचार म्हणजे काय, ते मला कळलं नाही. माझ्या मुलीला चित्रकलेत कधी चांगले मार्क मिळाले नव्हते. पण बायको म्हणाली, "जाऊंदे तिका. घरात बसान काय होतला?" म्हणून पहिल्या शनिवारी मोटरसायकलवरून मीच घेऊन गेलो.

वाचनालयाच्या मागची एक खोली होती. खोलीतून तलावाकडची झाडी दिसायची. शिकवणारी बाई तिशीची. मला वाटलं मुंबईची असेल, पण ती शिरोड्याची निघाली. वडील रापणीवर, किनाऱ्यावरच्या मोठ्या जाळ्याने, मासे ओढायचे, आणि ही पुण्याला जाऊन हे शिकून आली होती. मुलं तिला ताई म्हणायची. सहा-सात जण होते, सगळे सतरा ते तेवीस-चोवीस वयातले. ताईने आम्हा पालकांना बाहेर व्हरांड्यात बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, ती चित्रकला शिकवत नाही, तेव्हा चित्र चांगलं की वाईट हे कोणी बोलायचं नाही. दोन, चित्रं मुलांची. ती दाखवतील तर बघा, नाहीतर मागू नका.

दुसरी गोष्ट मला खटकली. माझी मुलगी, माझं घर, आणि बंद खोलीत ती काय काढते ते मी बघायचं नाही? जे लपवायचं असतं तेच झाकून ठेवतात, एवढं तर मला चोवीस वर्षांत कळलं होतं.

परत येताना मोटरसायकलवर विचारलं, आज काय काढलंस? ती म्हणाली, कायनाय. पुढच्या शनिवारी विचारलं, तेव्हाही कायनाय. तिसऱ्या शनिवारी मात्र ती खोलीतून बाहेर आली तेव्हा हसत होती. मला बघितलं आणि हसू थांबलं. ते मी मनात धरून ठेवलं. डेपोत एकाने सांगितलं, अशा ठिकाणी पोरांचे घरच्यांविरुद्ध कान भरतात, आईबापांनी काय काय केलं ते काढून घेतात. दुसरा म्हणाला, चित्र काढायला लावून त्यावरून तुमच्या घरातलं सगळं ओळखतात. आमच्या घरात ओळखण्यासारखं काही नव्हतं. तरी त्या रात्री जेवताना मी मुलीकडे बघत राहिलो, ही तिथे आमच्याबद्दल काय सांगत असेल म्हणून.

चौथ्या शनिवारी तिला सोडून मी परतलो नाही. मोटरसायकल रस्त्याच्या कडेला लावली आणि वाचनालयाला वळसा घालून मागच्या खिडकीपाशी गेलो. खिडकीला लाकडी पट्ट्या होत्या, त्यांच्या फटीतून बघितलं. सगळे जमिनीवर गोल बसून जुनी वर्तमानपत्रं फाडत होते. ताईसुद्धा. कोणी बोलत नव्हतं. माझी मुलगी दात आवळून एकेक लांब पट्टी फाडत होती, आणि बाजूला ढीग झाला होता. हा उपचार? मी थक्क झालो, आणि संशय आणखी वाढला. याच्यामागे काहीतरी आहे, दिसतंय त्यापेक्षा वेगळं, असंच मला वाटलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "काय वो, कोणाक बघतास?"

वाचनालय सांभाळणारे म्हातारे गृहस्थ होते. मी म्हणालो, पेपर वाचायला आलो होतो. त्यांनी मला पुढच्या दाराने आत नेलं, खुर्ची दिली आणि त्या दिवसाचा पेपर हातात दिला. मी तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. गृहस्थ समोर बसून माझ्याकडे बघत होते.

एवढ्याने मी थांबायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात मुलगी कित्येक दिवसांनी आईबरोबर घरामागे काजू वेचायला गेली असताना मी तिचं कपाट उघडलं. घडी घातलेल्या कपड्यांखाली ती शनिवारी न्यायची ती मोठी वही होती.

सुरुवातीची पानं नुसत्या रेघांची होती. मग गाडी. आतून काढलेली गाडी, आसनं, दांडे, खिडक्या, माणसांची डोकी. आणि मधल्या वाटेत उभा एक माणूस. खाकी कपडे, खांद्याला पिशवी. त्याचं तोंड काळ्या खडूने खोडलेलं. नुसतं खोडलेलं नव्हे, इतका जोर लावला होता की कागद फाटला होता. पान उलटलं, पुन्हा तोच माणूस. सात पानांवर तोच माणूस, आणि सातही ठिकाणी तोंड खोडलेलं.

मी पलंगावर बसलो. खाकी, पिशवी, म्हणजे कंडक्टर. तो मी असेन असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या मनात आला तो माझा सोबती. सकाळच्या कुडाळच्या गाडीवर तोच असायचा. पहिल्यांदा तिला त्रास झाला तोही त्याच्याच गाडीत. त्यानेच तिला उतरवलं, त्यानेच फोन केला. एवढी काळजी त्याला का वाटली? एकदा असं मनात आलं की सगळं जुळत जातं. दोन वर्षांपूर्वी गणपतीत तो आमच्याकडे आला होता, तेव्हा मुलीच्या हातात खाऊचा डबा देऊन तिच्या डोक्यावर थोपटलं होतं. तेही मला आठवलं.

बायकोला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं की वही का उघडली. दहा-बारा दिवस मी सोबत्याबरोबर चहा घेतला नाही. तो टेबलावर आला की मी उठायचो. त्याच्या गाडीत कोण बायका बसतात, तो कोणाशी हसतो, हे लांबून बघायचो. हसण्याचा स्वभावच होता त्याचा. आधी कधी डोळ्यांत भरला नव्हता.

एका दुपारी डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत आम्ही दोघेच होतो. मी विचारलं, माझी मुलगी तुझ्या गाडीत चढायची तेव्हा कुठे बसायची? तो म्हणाला, मागे, दरवाजाच्या बाजूच्या खिडकीजवळ. मी म्हणालो, बरं आठवतं तुला.

त्याने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुका काय इचारूचा आसा ता सरळ इचार."

मला विचारता आलं नाही. विचारायचं काही नव्हतं असंही म्हणता आलं नाही. त्याला सगळं कळलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो डबा तसाच बंद करून बाहेर गेला.

त्या शनिवारी मी मुलीला खोलीत सोडलं आणि ताईला बाहेर बोलावलं. आवाज चढलाच माझा. म्हणालो, तुम्हाला सगळं माहीत आहे, तुम्ही ते चित्र बघितलंय, आणि आम्हाला सांगत नाही. कोण आहे तो माणूस? तिने शांतपणे विचारलं, तुम्ही चित्र कधी बघितलं? मी सांगितलं. मग म्हणाली, "मी चित्राचा अर्थ लावत नाही. तिने जेवढं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. पण तिला कोणी इजा केली असेल असं तुमच्या मनात असेल, तर ते आजच विचारायचं. तिच्या समोर, तिच्या पाठीमागे नाही. आणि वही उघडली हेही तुम्हीच सांगायचं."

गट संपल्यावर बाकीची मुलं गेली आणि आम्ही तिघे बसलो. मी वहीचं सांगितलं. मुलीने वही छातीशी धरली आणि ताईकडे बघितलं, माझ्याकडे नाही. ताई म्हणाली, तुला आत्ता बोलायचं नसेल तर आपण थांबू. मी थांबलो नाही. सोबत्याचं नाव घेऊन विचारलं, त्याने तुला काही केलं का?

तिने वही मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "माका कोणी कायएक करूक नाय. काकांनी त्या दिवशी पाणी दिला माका. तो मानूस तुमी आसात, बाबा."

मी विचारलं, मी काय केलं?

ते तिने सांगितलं. पहिल्या दिवशी मी तिला आणायला गेलो, तेव्हा परत येताना तिला घेऊन कसालच्या स्टँडवर थांबलो होतो. तिथे ओळखीचे चार-पाच जण होते. कोणीतरी विचारलं, काय झालं पोरीला? मी म्हणालो होतो, नाटकं सगळी, परीक्षा आली की अशीच करते. ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. सगळे हसले. मीही हसलो.

मला यातलं काही आठवत नव्हतं. अजूनही नीट आठवत नाही. पण मी तसं बोललो असेन, हे मला ऐकताक्षणी पटलं. तो माझाच आवाज होता.

"गाडीत बसलंय की सगळे माका कंडक्टराचा चेडू म्हणान वळखतत," ती म्हणाली. "माका काय झाला की तां संध्याकाळी तुमच्या कानार येतला, आणि तुमी हसतल्यात. तुमचा तोंड काढूक गेलंय की तां हसणा दिसता. म्हणान खोडतंय."

घरी येईपर्यंत ती माझ्या पाठीला न टेकता, मागचा दांडा धरून बसली होती.

पुढचे तीन शनिवार ती गेली नाही. मला वाटलं, बुडवलं मी सगळं. ताईने फोन केला तो मुलीला, मला नाही. काय बोलणं झालं ते कळलं नाही. चौथ्या शनिवारी ती तयार होऊन अंगणात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "माका सोडूक तू ये." शेजारच्या मुलीची स्कूटर मागून त्या दोघी गेल्या. बायकोला स्कूटर नीट येत नव्हती. त्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत मी फाटकाशी उभा होतो.

पुढे काय झालं ते एका दिवसात झालं नाही. गोळ्या चालू होत्या, गट चालू होता. साताठ महिन्यांनी ती पहिल्यांदा गाडीत चढली, गटातल्या एका मुलीबरोबर, एक थांबा. मग तीन थांबे. मग एकटी कुडाळपर्यंत. तिची एकच अट होती, मी ज्या गाडीवर असेन त्या गाडीत ती बसणार नाही. मी माझ्या ड्युटीचा कागद दर आठवड्याला स्वयंपाकघरात लावून ठेवतो, तिला बघता यावा म्हणून. यंदा तिने राहिलेली परीक्षा दिली. त्रास अजून होतो कधी कधी. खिशात खडूचा एक तुकडा ठेवते. घाबरायला झालं की तिकिटाच्या मागे रेघा ओढत बसते. आईने एकदा विचारलं तेव्हा तिने सांगितलं.

मी तिची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. बरं म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

सोबत्याकडेही गेलो. त्याच्या घरी, त्याच्या बायकोसमोर नव्हे, अंगणात उभा राहून सांगितलं की माझ्या मनात चुकीचं आलं. काय आलं ते त्याने विचारलं नाही. आतून त्याच्या मुलींचे आवाज येत होते. एवढंच म्हणाला, "माका दोन चेडवा आसत." आणि आत गेला. त्यानंतर डेपोत आम्ही कामापुरतं बोलतो. गाडी लागली, गाडी सुटली, तिकिटाचं मशीन कोणाकडे आहे. त्याला दोष द्यायला माझ्याकडे तोंड नाही.

परवा तिला यायला उशीर झाला. साडेसहाची गाडी गेली, सातची गेली. माझं मन लगेच धावायला लागलं, कोणाबरोबर असेल, काय लपवत असेल. हात फोनकडे गेला. बायकोने बघितलं आणि म्हणाली, वाट बघा जरा. मी ओट्यावर बसलो. साडेसातला ती आली, चप्पल काढली, माझ्या बाजूने आत गेली. कुठे होतीस, असं मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.