मागच्या चाकांवरचे गुरुजी

संगप्पा गुरुजींना मी प्रथम पाहिलं ते जागीरदारांच्या मोटारीत, आणि तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. निजामी अमलातले, चाळीसच्या दशकातले ते दिवस. नळदुर्गच्या शाळेत मी नवा होतो. आमच्यासारखेच साधे शिक्षक असलेले हे स्थूल गृहस्थ जागीरदारांच्या विलायती, शर्यतीच्या गाडीत मागे बसून सारखे सोलापूरला कशाला जातात? शाळेत कोण काय बोलतं, याची खबर त्या गाडीतच जागीरदारांना पोचत असणार! मी त्यांच्यासमोर जपून बोलू लागलो.

शेवटी विचारलंच. गुरुजी म्हणाले, "वजन म्हणून नेत्यात हो मला. इंजिन म्होरं लई जड, मागं नुसता पत्रा. म्या नसलो की वळणावर गाडी शेपूट फिरिवती."

आता यावर कोण विश्वास ठेवील?

पुढं माझी पत्नी बाळंतपणात अडली. सुईणीनं हात टेकले. गुरुजी स्वतः धावत जाऊन जागीरदारांना गाडीसकट घेऊन आले. याची परतफेड गुरुजी कशी मागतील, हा विचार तेव्हाही माझ्या डोक्यात होताच.

पत्नी पुढं, जागीरदारांशेजारी. मागच्या अरुंद जागेत आम्ही दोघं. गुरुजींपासून लांब म्हणून मी पार मागे, गाडीच्या शेपटाच्या टोकाला सरकलो. त्यांनी मला दंडाला धरून ओढलं. "टोकाला नगा बसू! तिथल्या वजनानं गाडी जास्तच भिरभिरती. हितं चाकावर या."

नदीच्या वळणावर जागीरदारांनी घाईनं वेग वाढवला आणि खडीवर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकू लागला. पत्नी किंचाळली. गुरुजी मला कवेत घेऊन वळणाच्या आतल्या बाजूला झुकले. चाकांनी रस्ता धरला. माझा जीव भांड्यात पडला.

सोलापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. काही दिवसांनी गुरुजी घरी आले, तेव्हा आता मागणं येणार म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू आणले होते. त्यातला एक त्यांनीच खाल्ला.

ती मुलगी आज उस्मानाबादेत डॉक्टर आहे. गुरुजींना तीच तपासते आणि वजन कमी करा म्हणून धारेवर धरते. गुरुजी मुकाट्यानं मान डोलावतात. परवा मात्र त्यांच्या उशीखाली कागदाची पुडी दिसली, आणि पेढ्याचा वास मला ओळखता येतो. मी लेकीला काही बोललो नाही.

गुरुजी, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. तब्येत ठणठणीत ठेवा, पोरीचं ऐका. पण तिला या जगात आणायला जेवढं लागलं, तेवढं वजन तरी राहू द्या.