फॉलखालचा निळा

आमच्याकडे माणूस मेला की गोरा होतो. जन्मभर उन्हात रापलेली बाई तालुक्याच्या स्टुडिओतून भिंतीवर येते ती अशी उजळून, की पोटच्या पोरांनीही खालचं नाव वाचूनच हात जोडावेत. लोकांची मागणीच तशी असते, ‘जरा उजळ करा.’ मला या प्रकाराची भारी चीड आहे.

माझी शेजारीण पौर्णिमा इथं युसूफ वडगावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. आईच्या, म्हणजे भिवराबाईच्या पहिल्या स्मृतिदिनासाठी तिनं फोटो मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्यानं सवयीप्रमाणे चेहरा गोरा केला, वर कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं. पौर्णिमाच्या वडिलांनी, ज्ञानोबांनी, फ्रेम हातात घेऊन विचारलं, “ही कोन हाय?”

“आबा, आई हाय ना.”

“न्हाई. माज्या घरात असली गोरी बाई कवा आलती? लावू नको भिताडाला.”

स्मृतिदिनाला आठ दिवस उरले होते. पौर्णिमानं फ्रेम परत नेऊन दिली आणि मला म्हणाली, “काकू, आता मीच घरी छापते.” शाळेच्या मुलांना सरावाचे कागद द्यायला तिनं रंगीत प्रिंटर घेतला होता. मूळ फोटोही तिनंच मोबाईलवर काढलेला, चार वर्षांपूर्वीच्या चौदा एप्रिलचा. भिवराबाई नव्याकोऱ्या निळ्या साडीत, आणि हसावं की नाही हे अजून ठरायचं होतं असा चेहरा.

पहिला कागद काळामिट्ट निघाला. मोबाईलचा उजेड पुरा वाढवलेला, म्हणून तिथं सगळं लख्ख दिसायचं आणि कागदावर अंधार. तिनं उजेड निम्म्यावर आणला आणि चित्र पुन्हा सुधारलं. दुसऱ्या कागदावर आई हिरवट झाली, कारण लाल शाईची वाट तुंबली होती. ती साफ केली तर तिसऱ्यावर निळी साडी जांभळी.

“निळ्याचं जांभळं आमच्या घरात चालत न्हाई,” असं म्हणत तिनं तो फाडला.

“अगं, किती कागद नासशील?”

“आबा वळखंपर्यंत.”

मग तिला युक्ती सुचली. ती निळी साडी आईच्या पेटीत होतीच. मोबाईल खोटं बोलेल, ट्यूबलाइटही फसवेल, पण साडी कशाला खोटं बोलेल? साडीचा रंग जुळला की चेहराही आपोआप जुळणार. रोज सकाळी ती छापलेला कागद वाळवायची, दाराच्या उजेडात साडीला लावून बघायची आणि रंग कमी-जास्त करायची. पाचव्या दिवशी कागद आणि साडी अगदी जुळले. आम्ही दोघी हरखून आबांकडे गेलो.

ज्ञानोबांनी बराच वेळ पाहिलं. “हिला बरं न्हाई का?”

खरंच, चेहरा राखेसारखा फिका पडला होता. स्टुडिओवाल्यानं जे सवयीनं केलं तेच आम्ही मेहनतीनं करून बसलो होतो. मी कागद गुंडाळायला घेतला. पौर्णिमा मात्र साडीचा काठ चाचपत बसली आणि एकदम म्हणाली, “काकू, साडीच विटलीय की! फोटोनंतर तीन वर्सं नेसली आई. गच्चीवर उन्हात वाळत घालायची.”

तिनं काठ उलटा केला. आत फॉल होता, भिवराबाईनं स्वतः बारीक टाक्यांनी लावलेला. त्या पट्टीखाली ना ऊन पोचलं होतं ना साबणाचा ब्रश. पौर्णिमानं कात्री घेतली.

“राहू दे गं. आईच्या हातचे टाके आहेत.”

तिचा हात थांबला. “टाके मला बी प्यारे हायेत, काकू. पन आबाला आई दिसाया पायजे.” आणि तिनं वीतभर फॉल उसवला. आतलं कापड दुकानातून आजच आणल्यासारखं निळं होतं.

पुढचे दोन दिवस ती त्या वीतभर निळ्याशी कागद जुळवत राहिली. स्मृतिदिनाच्या आदल्या सकाळी उसवलेली साडी खांद्यावर टाकून ती ओट्यावर आली आणि आबांच्या मांडीवर कागद ठेवला.

ज्ञानोबांनी चष्मा पुसला. फोटोतल्या कपाळावरच्या गोंदणावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं. थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली, तर नजर पौर्णिमाच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या फॉलवर गेली.

“पुर्ने,” ते हळूच म्हणाले, “आदी त्यो फॉल लावून टाक. बघायली ती.”